जोडीनं भटकंती, जोडीनं घर: आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघं पुण्यात राहतो, पन्नाशी ओलांडलेले आहोत आणि दोघंही नोकरी करतो. गड, सायकल, पक्षी आणि गच्चीवरची बाग यांत आमचा फावला वेळ जातो. नातेवाईक, सोसायटीतली मंडळी आणि गडावर भेटणारी तरुण जोडपी पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. लिहिते आहे मी, म्हणजे बायको. नवऱ्यानं सगळं वाचलं आहे आणि जिथे त्याचं मत वेगळं पडलं तिथे तसं नोंदवलं आहे.

नोकरी, घर सांभाळून एवढा वेळ कुठून काढता?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि तो बहुतेक वेळा बायकाच विचारतात. याचं उत्तर आमच्या स्वयंपाकघरात आहे.

रविवारी पहाटे पाचला घर सोडायचं असेल तर पुष्कळ घरांत काय होतं? नवरा चारला उठतो, बूट घालतो, पाण्याच्या बाटल्या भरतो आणि तयार होतो. बायको मात्र शनिवारी रात्री अकरापर्यंत डब्याची तयारी करते, दूध तापवून ठेवते, सासूबाईंची दुपारची सोय लावते, मोलकरणीला निरोप ठेवते आणि साडेतीनला उठून पराठे लाटते. गडाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत ती दमलेली असते. मग दोन-तीन वेळा गेल्यावर ती म्हणते, ‘तुम्हीच जा, मला नाही जमत.’ आणि सगळे समजतात की तिला आवड नाही.

म्हणून जोडीनं छंद करायचा असेल तर आधी घरकाम वाटून घ्या, असं मी प्रत्येकीला सांगते. आमच्याकडे सकाळचा चहा, कुकर आणि पोळ्यांची कणीक नवऱ्याकडे. भाज्या आणि पोळ्या माझ्याकडे. वाणसामान तो आणतो, मंडईतली भाजी मी. भटकंतीच्या आदल्या रात्री डबा पूर्णपणे त्याचा: बटाट्याची सुकी भाजी, दशम्या, चटणी, गुळाचा खडा. त्या वेळात मी सॅक भरते, सायकलींची हवा बघते, औषधांचा डबा तपासते.

सासूबाई आमच्याजवळ असतात, त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. त्यामुळे मुक्कामी जायचं असेल तेव्हा माझी नणंद येऊन राहते, आणि ती गावाला जाते तेव्हा तिच्या घराकडे आम्ही बघतो. असं कोणी नसेल तर अर्ध्या दिवसाच्याच वाटा निवडाव्यात. पुण्याच्या आसपास त्यांची वाण नाही.

दोघांना एकच आवड असलेला जोडीदार मिळायला नशीब लागतं ना?

आमची आवड एक नव्हती. गड त्याचे, कॉलेजपासूनचे. पक्षी आणि झाडं माझी, कारण माझं माहेर कोकणातलं आणि परसात दिवसभर पाखरांची ये-जा. लग्नानंतरची कित्येक वर्षं तो मित्रांबरोबर गडावर जायचा आणि मी घरी असायचे. सायकल मात्र दोघांनी एकदम सुरू केली, त्यामुळे तिच्यावर कोणाचीच मालकी नाही.

दुसऱ्याच्या छंदात शिरताना स्वतःचं काहीतरी घेऊन शिरावं. मी गडावर गेले ती दुर्बीण गळ्यात घालून. तो बुरूज आणि चोरवाटा बघत होता, मी कड्यावरच्या पाकोळ्या बघत होते. दोघांनाही तो गड आपला वाटला. नुसती कोणाच्या मागे चालत राहिले असते तर मला कधी गोडी लागली नसती.

सुरुवात कुठून करावी?

घराजवळून. पुण्यात असाल तर पर्वती. १०३ पायऱ्या आहेत, ऐसपैस आहेत, आणि रोज सकाळी तिथे सगळ्या वयाची माणसं भेटतात. आठवड्यातून तीन-चार दिवस चढायला लागा. दम कमी लागतो आहे असं वाटलं की वेताळ टेकडी धरा. शहरातली सगळ्यात उंच टेकडी तीच, आणि चतुःशृंगी, पाषाण, लॉ कॉलेज अशा कितीतरी बाजूंनी वर जाता येतं. जुन्या दगडखाणीत साचलेलं पाणी आणि भोवतीचं गवत यामुळे पक्षीही भरपूर दिसतात.

त्यानंतर सिंहगड, आतकरवाडीच्या पायवाटेनं. स्वारगेटहून पायथ्यापर्यंत पीएमपीची बस जाते, त्यामुळे गाडी नसली तरी अडत नाही. नवख्या माणसाला वर पोचायला दीड ते दोन तास पुरतात. वाटेत ताक आणि लिंबू सरबत विकणाऱ्या बायका असतात, वर पिठलं-भाकरी, वांग्याचं भरीत आणि मडक्यातलं दही मिळतं. गड जवळजवळ १३०० मीटर उंच आहे. देवटाक्याचं पाणी, कल्याण दरवाजा, तानाजी कडा हे सगळं निवांत बघायचं तर शनिवार-रविवार टाळून रजेच्या दिवशी जा. रविवारी सकाळी तिथे जत्रा असते.

सिंहगड सहज जमू लागला की राजगड. गुंजवण्याहून चोर दरवाज्यानं पद्मावती माचीवर जाणारी वाट शेवटी चांगलीच खडी आहे, रेलिंगला धरून चढावं लागतं. पाली दरवाज्याची वाट जुनी राजमार्गाची, पायऱ्यांची. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी पालीनंच जावं. राजगडाला मी थोडी पक्षपाती आहे हे कबूल करते. सुवेळा माचीकडे जाताना नेढ्यातून, म्हणजे कातळातल्या आरपार भोकातून, वारा येतो, आणि रायगडाआधी स्वराज्याचा कारभार इथून चालत होता हे आठवलं की पाय आपोआप हळू पडतात. तीन माच्या आणि बालेकिल्ला एका दिवसात उरकण्यापेक्षा एकच माची नीट बघावी आणि उरलेल्यांसाठी पुन्हा यावं.

कळसूबाई बऱ्याच जणांच्या मनात असतं. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. बारी गावातून वाट आहे, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. चढ लांब आहे पण दोर वगैरे काही लागत नाही. तरी पहिलं लक्ष्य म्हणून ते धरू नये.

दोघांचा वेग सारखा नसेल तर?

आमचा नाहीच. चढावर तो पुढे, उतारावर मी. डोंगरात आम्ही एकच नियम पाळतो: जो सावकाश, तो पुढे चालणार. मागचा माणूस आपोआप वेग आवरतो आणि पुढच्याला मागे पडल्याची घाई वाटत नाही. फाट्यावर नेहमी थांबायचं, एकमेकांना बघितल्याशिवाय वळायचं नाही.

सायकलवर हा नियम चालत नाही. घाटात हळू चालवणाऱ्याच्या मागे राहिलं तर लय तुटते आणि पाय भरून येतात. तिथे प्रत्येकानं आपापल्या गिअरमध्ये चढावं आणि घाटमाथ्यावर भेटावं. दिवे घाटात आम्ही असंच करतो. तो वर जाऊन चहा सांगून ठेवतो.

या वयात गुडघे बरे राहतात?

चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. उतरताना पावलं लहान ठेवा, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, धावू नका. दोन काठ्या वापरल्या तर भार हातांवरही वाटला जातो. मांडीचे स्नायू मजबूत असले की गुडघ्यांना आधार मिळतो, म्हणून आठवड्यातून दोनदा आम्ही घरी खुर्चीच्या उठबशा काढतो. दुखणं आधीपासून असेल तर डॉक्टरांना दाखवून मगच निघा. नवऱ्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे. ती आदल्या रात्रीच सॅकमध्ये जाते.

पावसाळ्यात जाता का?

जातो, पण कमी. सह्याद्री तेव्हा सगळ्यात देखणा असतो आणि सगळ्यात धोक्याचाही. शेवाळलेल्या कातळावर चांगल्या बुटांचीही पकड सुटते. धबधब्याच्या वरच्या भागात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी अचानक वाढतं, त्यामुळे ओढा ओलांडायचा असेल अशा वाटा जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही घेत नाही. धुक्यात कड्याच्या कडेला फोटो काढायला उभं राहू नये. दरवर्षी कुठेतरी कोणाचं तरी घर या एका गोष्टीनं उद्ध्वस्त होतं. काही ठिकाणी प्रशासन बंदी घालतं. ती पाळावी, वाद घालू नये.

सप्टेंबर उजाडला की मात्र घरी बसवत नाही. तेरडा, सोनकी आणि कवल्यानं पठारं भरतात. कास पठारावर आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, आणि ते योग्यच आहे. तिथली माती कातळावर जेमतेम काही बोटं जाड आहे आणि एका पावलानं पुढच्या वर्षीचं रोपटं जाऊ शकतं. कारवी मात्र नशिबानं दिसते, कारण ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलली की डोंगरउतार जांभळे होतात.

पावसाळ्यात पायथ्याच्या गावांतल्या बायका रानभाज्या विकायला बसतात: टाकळा, कुर्डू, भारंगी, कवळा. आम्ही त्यांच्याकडून घेतो आणि करायची कशी तेही विचारून घेतो. रानात दिसली म्हणून स्वतः खुडून आणू नये. शेवळं नीट केली नाहीत तर घसा भयंकर खाजतो, हे माहेरी लहानपणीच शिकले.

पक्षी बघायला महाग कॅमेरा लागतो का?

अजिबात नाही. आधी दुर्बीण घ्या. ८×४२ असं लिहिलेली नवख्यांना सर्वांत सोयीची. आठ म्हणजे आठपट मोठं दिसतं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापट घेतली की हाताचा कंपही दहापट दिसतो आणि पक्षी शोधता शोधता उडून जातो. जोडप्यानं शक्य असेल तर दोन साध्या दुर्बिणी घ्याव्यात, एक भारी नको. ‘दे ना, दे ना, गेला!’ हे ऐकण्यात काही मजा नाही.

पुढचं शिक्षण खिडकीत होतं. आमच्या सोसायटीत बुलबुल, दयाळ, शिंजीर, तांबट आणि भारद्वाज रोजचे. तांबट पक्षी दिसायच्या आधी ऐकू येतो, भांडी ठोकल्यासारखा ‘टुक टुक’ आवाज भर उन्हात चालू असतो. आवाजावरून पक्षी सांगणारं मर्लिन नावाचं मोफत ॲप आहे. ते मदतीला चांगलं, पण त्याच्यावर सगळी भिस्त ठेवू नका, गोंगाटात ते चुकतं. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो: पाच तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, बारा सलीम अलींच्या. त्या आठवड्यात ठिकठिकाणी जाणकारांबरोबर फेऱ्या निघतात. पहिल्यांदा जायला याहून चांगला मुहूर्त नाही.

भिगवणला कधी जावं?

डिसेंबर ते मार्च. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं साधारण शंभर किलोमीटर. भीमा नदीवरच्या उजनी धरणाचं पाणी ओसरू लागलं की काठाला चिखल उघडा पडतो आणि रोहित पक्ष्यांचे थवे तिथे उतरतात. धरण तुडुंब असेल तर रोहित कमी दिसतात, म्हणून निघण्याआधी कुंभारगाव किंवा डिकसळच्या नावाड्यांना फोन करून विचारा. हीच मंडळी मूळची मच्छीमार, आता पक्षी दाखवतात, आणि शहरातल्या कितीतरी हौशी लोकांपेक्षा त्यांचा डोळा तयार आहे. होडी सूर्योदयाला घ्या. थव्याजवळ नेण्याचा आग्रह धरू नका. उडाले की फोटो छान येतो, पण त्यांचं खाणं तुटतं.

माझा जीव रोहितांपेक्षा पट्टकादंबांवर जास्त. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा राखाडी हंस मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतो. एवढं अंतर कापून आलेलं पाखरू शांतपणे काठावर गवत खुडताना दिसतं, तेव्हा थंडीत पहाटे उठल्याचं सार्थक होतं.

सायकलवर लांबचं अंतर कसं जमवलं?

हळूहळू. आधी दूध-भाजी सायकलवरून, मग ऑफिस, मग रविवारी खडकवासला. सीटची उंची बरोबर असणं सगळ्यात महत्त्वाचं: पेडल सर्वांत खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. सीट खाली ठेवली की गुडघे दुखतात आणि लोक दोष वयाला देतात.

ज्यांना आव्हान हवं त्यांच्यासाठी बीआरएम नावाच्या राइड असतात. त्यात स्पर्धा नसते, ठरलेल्या वेळेत अंतर पूर्ण करायचं: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. वाटेतल्या ठरलेल्या थांब्यांवर हजेरी लावावी लागते. आम्ही दोनशेची जोडीनं केली आहे. पुढची नवऱ्याला करायची आहे, मला नाही. रात्रभर हमरस्त्यावर सायकल चालवणं मला पटत नाही. (नवऱ्याचं म्हणणं: दिवे आणि रिफ्लेक्टर जॅकेट सक्तीचं असतं, काळजीचं एवढं कारण नाही. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.)

हेल्मेट, मागचा लाल दिवा, पंक्चरचं सामान आणि छोटा पंप याशिवाय शहराबाहेर पडू नका. आणि पंक्चर दोघांनाही काढता यायला हवं. ते काम नवऱ्याचं असं धरून चाललेल्या बायका मी फार बघते. शिकायला एक दुपार पुरते.

बागेचं काय? बाहेर गेलात की पाणी कोण घालतं?

साधं ठिबक बसवलं आहे, उन्हाळ्यात शेजारच्या काकू बघतात. त्यांना घोसाळी, अळू, गवती चहा लागेल तेवढा न्यायची मुभा आहे.

बाग दोघांची असली तरी खत त्याचं आणि रोपं माझी. भोकं पाडलेल्या ड्रममध्ये ओला कचरा आणि वाळका पालापाचोळा असे थर देतो. वास येऊ लागला तर समजायचं ओलं जास्त झालं, पाला वाढवायचा आणि ढवळायचं. दोन-तीन महिन्यांत काळंभोर, मातीचा वास असलेलं खत मिळतं. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आले की आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवायचं, मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारायचं. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात.

सतत बरोबर राहून भांडणं होत नाहीत?

होतात. निघायच्या वेळेवरून, रस्ता विचारायचा की नकाशा बघायचा यावरून. भुकेल्या पोटी निर्णय घ्यायचा नाही असं ठरवल्यापासून निम्मी कमी झाली. मागे फिरायचं का, हा प्रश्न आला तर दोघांपैकी एकानं ‘फिरूया’ म्हटलं की फिरायचं. त्यावर चर्चा नाही आणि घरी आल्यावर टोमणे नाहीत. हा नियम नसता तर मी अवघड वाटांवर त्याच्याबरोबर गेलेच नसते.

सगळंच बरोबर करता?

नाही, आणि तसं करूही नये. डिसेंबरमध्ये सवाई गंधर्व महोत्सवाला मी मैत्रिणींबरोबर जाते. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा उत्सव म्हणजे माझं वर्षाचं देणं आहे. नवऱ्याचं मन बैठकीत रमत नाही. त्या दिवसांत तो मित्रांबरोबर नाशिक-बागलाणकडचे गड करतो. साल्हेर त्यानं माझ्याशिवाय पाहिला. तिथली वर्णनं ऐकून मी पुढच्या थंडीत जायचं ठरवलं आहे.

मुलं येतात?

मुलगा बंगळूरला असतो, आला की सायकलवर येतो. गडावर नाही.

खर्च खूप होतो का?

एकदाच करायचा खर्च आहे: चांगले बूट, दुर्बीण, सायकल. बुटांत काटकसर करू नका, बाकी सगळ्यात करा. पावसाळी जॅकेटं, सॅक, तंबू भाड्यानं किंवा ओळखीत मिळतात. गावात जेवण सांगितलं तर पैसे घासाघीस न करता द्या. चुलीवरची भाकरी, आमटी, ठेचा शहरातल्या हॉटेलपेक्षा स्वस्तच पडतो आणि पैसा त्या घरात राहतो.

आम्हाला बरोबर न्याल का?

आनंदानं. आधी एका रविवारी वेताळ टेकडीवर या, म्हणजे चाल कळेल. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, पकड असलेले बूट आणि स्वतःचा डबा आणा. आपला कचरा आपल्याच सॅकमधून खाली आणायचा, वाटेत दिसलेल्या दोन-चार बाटल्याही उचलायच्या. स्पीकर आणायचा नाही. अत्तर किंवा उग्र वासाचा स्प्रे मारून येऊ नका, आग्या मोहोळ चवताळू शकतं. भिंतींवर नावं कोरणाऱ्यांबरोबर आम्ही चालत नाही. २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत राजगड, रायगड, शिवनेरी, लोहगड आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत, आणि त्यांचे दगड आपल्यानंतरही लोकांना बघायचे आहेत. जोडीनं येत असाल तर डबा कोणी केला ते मी विचारते, तयारीत राहा.